वैशाखाचे ऊन, आषाढातला नमुना

प्रस्तावना

जूनचा तिसरा आठवडा होता. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि सकाळी गोठ्याच्या पत्र्यावरून थेंब ओघळत होते. गोठित रेतमात्रा तयार करणाऱ्या एका केंद्रावर मी सकाळचा नमुना तपासत होतो. संकरित वळूचे वीर्य होते, दाट आणि प्रमाणानेही पुरेसे. त्यातला एक थेंब ३७ अंश सेल्सिअसला ऊबदार ठेवलेल्या काचपट्टीवर घेतला. नमुना चांगला असेल तर भिंगाखाली ढग घुसळल्यासारख्या लाटा उठतात. हा थेंब जवळजवळ निपचित होता. भिंग वाढवून पाहिले, तर कित्येक शुक्राणूंच्या शेपट्या गुंडाळलेल्या होत्या, काहींची डोकी शेपटीपासून सुटली होती आणि काहींच्या मानेजवळ कच्चेपणाची खूण असलेला बारीक थेंब तसाच चिकटून होता.

वळू सांभाळणारे मामा दाराशी उभे होते. त्यांनी विचारले, "डॉक्टर, आता तर गारवा आलाय. वैरण हिरवी आहे, जनावर खातंय-पितंय. मग आत्ताच असं कसं झालं?"

या एका प्रश्नातून आपल्या विषयाचे दार उघडते. वळूच्या वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात. पुढे अधिवृषणाच्या नळीतून पक्व होत बाहेर पडायला आणखी आठ-दहा दिवस जातात. त्या सकाळी काचपट्टीवर जूनमधला वळू नव्हताच. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली धापा टाकणारा वळू तिथे होता. शरीर थंडावले होते, पण शरीराच्या आत चाललेल्या कामाचा हिशेब अजून उन्हाळ्यातच होता.

उष्णतेचा ताण, नराची प्रजननक्षमता आणि त्यावर वापरल्या जाणाऱ्या औषधी वनस्पती हा आपला विषय. या ग्रंथाकडे वैद्य येतील, पशुवैद्यक येतील, जीवशास्त्राचे विद्यार्थी येतील आणि घरातल्या काळजीपोटी चाळणारे वाचकही येतील. सगळ्यांचे मनापासून स्वागत. बहुतेक जण पहिला प्रश्न घेऊन येतात तो "कोणती वनस्पती?" हा. मी या प्रस्तावनेत त्याच्या शेजारी "केव्हा?" हा दुसरा प्रश्न ठेवणार आहे. ऊन केव्हा लागले, औषध केव्हा दिले, नमुना केव्हा घेतला? या तीन तारखा मांडल्याशिवाय वनस्पतीबद्दल बोलता येत नाही, हे माझे इतक्या वर्षांचे शिकणे आहे.

आधी शरीराची व्यवस्था पाहू. माणसाच्या वृषणाचे तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असते आणि शुक्राणू घडण्यासाठी तेवढा गारवा लागतो. वृषणकोषाची त्वचा पातळ असते, तिच्याखाली चरबीचा थर नसतो आणि घर्मग्रंथी भरपूर असतात. थंडीत स्नायू आखडून वृषणांना अंगाजवळ ओढतात, उन्हात ते सैल सोडतात. कुठल्याही मेंढपाळाने हे रोज पाहिलेले असते. न दिसणारी रचना त्याहून सुंदर आहे. वृषणाकडे येणारी रोहिणी वेटोळी घेत उतरते आणि तिच्याभोवती परत जाणाऱ्या नीलांचे जाळे गुंफलेले असते. खाली उतरणारे ऊन रक्त वर चढणाऱ्या गार रक्ताला आपली उष्णता देऊन टाकते आणि वृषणात पोहोचेपर्यंत निवते. देशी वंशाच्या वळूंमध्ये या रोहिणीची भिंत अधिक पातळ आणि नीला अधिक जवळ असल्याचे आढळले आहे. उन्हाळ्यात देशी वळू संकरित वळूइतका लवकर खचत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

निसर्गात याला अपवादही आहेत. हत्तीचे वृषण पोटातच असतात. पक्ष्यांचेही आतच असतात, तेही माणसापेक्षा गरम शरीरात. डॉल्फिनमध्ये पाठीवरच्या आणि शेपटीच्या परांतून गार झालेले रक्त थेट वृषणांपाशी आणले जाते. म्हणून एका प्राण्यावरचा निष्कर्ष उचलून दुसऱ्यावर ठेवण्याआधी थांबायचे असते.

उष्णता आणि वंध्यत्व यांचा संबंध प्रयोगाने पक्का झाला तो १९२०च्या दशकात. शिकागो विद्यापीठातील कार्ल मूर यांनी गिनी पिगचे वृषण पोटात सरकवून आणि मेंढ्यांचा वृषणकोष उबदार आवरणात गुंडाळून दाखवले की केवळ उष्णतेने शुक्राणूंची निर्मिती ढासळते. पुढे म्हैसूरमध्ये काम करणाऱ्या स्विस डॉक्टर मार्थे व्हेगेली यांनी याच तत्त्वावर पुरुषांसाठी संततिनियमनाची पद्धत आखली. रोज पाऊण तास गरम पाण्यात बसायचे, असे तीन आठवडे करायचे; त्यानंतर काही महिने गर्भधारणा टळे आणि क्षमता पुन्हा परत येई. भारतात केलेले हे काम आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. उष्णतेचा परिणाम उशिरा दिसतो, उशिरापर्यंत टिकतो आणि बहुधा भरून येतो, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात.

पेशीच्या पातळीवर काय होते? वृषणातल्या सगळ्या पेशी उष्णतेला सारख्याच हळव्या नसतात. सगळ्यांत आधी बळी पडतात त्या अर्धसूत्री विभाजनाच्या मधल्या टप्प्यातल्या शुक्रपेशी आणि नुकत्याच विभाजन संपवलेल्या गोल पूर्वशुक्राणू पेशी. मूळ पेशी तग धरतात, म्हणूनच उत्पादन पुन्हा सुरू होऊ शकते. तापलेल्या वृषणाची प्राणवायूची गरज वाढते, रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही, म्हणून पेशी गुदमरतात, असे फार वर्षे शिकवले जाई. अलीकडच्या प्रयोगांत श्वासातून जादा प्राणवायू देऊनही नुकसान टळले नाही. उष्णता स्वतःच घाव घालते, असे त्यातून दिसते. या घावाचा मोठा भाग ऑक्सिडीकरणाचा असतो. शुक्राणूच्या आवरणात बहुअसंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ती चटकन खराब होतात. शिवाय शुक्राणूने हलके होण्यासाठी आपला बहुतेक पेशीद्रव टाकून दिलेला असतो, त्यामुळे बचावाची विकरेही त्याच्यापाशी थोडीच उरतात. आवरण बिघडले की शेपटीची गती जाते, आणि आतल्या डीएनएचे धागेही तुटू शकतात.

इथे वनस्पती आपल्या कथेत येतात. ऑक्सिडीकरणाला आवर घालणारी द्रव्ये त्यांच्यात विपुल असतात आणि आपल्याकडे तर त्यांची जुनी परंपराच आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या लगोलग दुसरा अध्याय वाजीकरणाचा आहे. शुक्र हा सातवा, शेवटचा धातू मानलेला आहे. आहारातल्या रसापासून तिथवर पोहोचायला सुमारे एक महिना लागतो, असे सुश्रुतपरंपरा सांगते. हा आकडा आधुनिक मोजमापाशी जुळवत बसण्याची गरज नाही. शुक्र एका दिवसात घडत नाही, ते क्रमाने आणि वेळ घेऊन घडते, ही जाण त्यात आहे आणि ती मोलाची आहे.

आता काही वनस्पती जवळून पाहू. पहिली अश्वगंधा, आपल्याकडची आसंध. ओले मूळ मोडून नाकाशी धरले की घोड्याच्या अंगासारखा वास येतो, त्यावरूनच तिचे नाव पडले. लखनऊच्या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी वंध्यत्व असलेल्या पुरुषांना रोज ५ ग्रॅम मूळचूर्ण तीन महिने दिले आणि वीर्याचे गुण व ऑक्सिडीकरणाच्या खुणा सुधारल्याचे २०१०मध्ये नोंदवले. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत शुक्राणू कमी असलेल्या ४६ पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला रोज ६७५ मिलिग्रॅम अर्क ९० दिवस दिला, दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय कुपी. अर्क घेणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण ठळकपणे वाढले. दुसरी खाजकुहिली. शेंगेवरची कुसे अंगाला लागली की आग होते, पण आतल्या बियांत लेव्होडोपा असते आणि त्यापासून शरीरात डोपामिन बनते. डोपामिन प्रोलॅक्टिनला आवरते, आणि वाढलेले प्रोलॅक्टिन पुरुषाच्या संप्रेरकचक्रात अडथळा आणत असते. तिसरी सफेद मुसळी. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईचे बोरिवली या नावात कायमचे कोरलेले आहे. रानातून तिची बेसुमार खणणी झाली, हेही या विषयाच्या अभ्यासकाने मनात ठेवावे. सराटा, शतावरी, शेवगा, आवळा, हळद, डाळिंब या सगळ्यांवर कुठे ना कुठे काम झालेले आहे.

मात्र हे सगळे पुरावे एकाच पायरीवर उभे नाहीत. प्रयोगशाळेत उंदरांवर किंवा घुशीएवढ्या पांढऱ्या रॅटवर नेहमीचा प्रयोग असा असतो: प्राण्याला भूल द्यायची, खालचे अंग ४३ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवायचे आणि त्याआधी किंवा नंतर काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा. इथे उष्णता आहे आणि औषधही आहे, पण उष्णता एकदाच आणि तीव्र आहे. भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाची उष्णता रोजची, सौम्य आणि वर्षानुवर्षांची असते. दुसरीकडे माणसांवरच्या ज्या चाचण्या मी वर सांगितल्या, त्यांत औषध आहे पण उष्णता नाही. ते पुरुष शुक्राणू कमी म्हणून निवडले होते, ऊन सोसतात म्हणून नव्हे. आणि तिसरीकडे बेकरी, ओतशाळा, वीटभट्टी, गुऱ्हाळाचे चुलवाण, ट्रकची तापलेली केबिन इथे उष्णता आहे, पण औषधाची नीट चाचणी नाही. ही तीन बेटे आहेत. त्यांच्यामध्ये साकव बांधणे हेच या शास्त्राचे पुढचे काम आहे.

मात्रेचा हिशेब एकदा हाताने करून पाहा. समजा रॅटला दर किलो वजनामागे ३०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी त्याच तुलनेची मात्रा काढताना शरीराच्या पृष्ठफळाचा विचार करून हा आकडा ६.२ने भागतात. उत्तर येते दर किलोला सुमारे ४८ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ २.९ ग्रॅम अर्क. दहा ग्रॅम मुळीपासून एक ग्रॅम अर्क निघत असेल, तर ही झाली २९ ग्रॅम मुळी. बाजारातल्या एका लहान कुपीशी हा आकडा ताडून पाहिला की कुठला दावा पेलणारा आहे हे आपोआप कळते.

आता तारखांकडे परत येऊ. रॅटमध्ये शुक्राणू घडायला सुमारे ५२ दिवस लागतात, माणसात सुमारे ७४. एखाद्या प्रयोगात अर्क १४ दिवस दिला आणि पंधराव्या दिवशी शुक्राणू मोजले, तर त्या शुक्राणूंचा जन्म औषधाच्या आधीच झालेला असतो. फार तर शेवटच्या टप्प्यावर आणि अधिवृषणातल्या पक्वतेवर झालेला परिणाम दिसेल. उष्णतेच्या आधी दिलेले औषध रक्षण करते का, हा एक प्रश्न. घाव बसल्यावर दिलेले औषध भरून येण्याचा वेग वाढवते का, हा दुसरा. दोन्ही चांगले आहेत, पण वेगळे आहेत, आणि शेतकऱ्याला किंवा रुग्णाला त्यांचा उपयोगही वेगवेगळा आहे.

ऋतूचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९९०मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये उघड्यावर काम करणाऱ्या अमेरिकी पुरुषांचा अभ्यास आला. हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात त्यांच्या वीर्याचा दर्जा उतरलेला होता. कारण उघड वाटले. पण दोनच वर्षांनी वातानुकूलित जागेत काम करणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि त्यांच्यातही उन्हाळ्यातली घसरण सापडली. दिवसाची लांबी किंवा ऋतूचे आणखी काही अंग यात असू शकते, असा विचार मग पुढे आला. जे डोळ्यांना दिसते त्याचीही परीक्षा घ्यावी लागते, हा धडा.

तो धडा मला त्या जूनमधल्या वळूनेही दिला. मामांच्या आग्रहावरून आणि माझ्याही उत्साहापोटी आम्ही त्याला अश्वगंधा आणि शतावरीचे चूर्ण गुळात कालवून द्यायला लागलो. सप्टेंबरमध्ये त्याच्या थेंबात पुन्हा लाटा उठल्या. केंद्रावर आनंद झाला, मी तर टिपणही लिहायला घेतले. मग नोंदवही मागे उलटत गेलो. शेजारच्या ठाणात बांधलेला, त्याच वयाचा आणि त्याच रक्ताचा दुसरा वळू होता. जूनमध्ये त्याचाही नमुना टाकून द्यावा लागला होता. त्याला चूर्णाचा कणही मिळाला नव्हता. सप्टेंबरच्या त्याच आठवड्यात तोही सुधारला होता. चूर्णाने काहीच केले नाही, असे यातून सिद्ध होत नाही. चूर्णाने केले असे म्हणण्याचा अधिकार मात्र मला उरला नाही. उन्हाळ्याचे ओझे उतरले, शुक्राणूंचा नवा हप्ता गारव्यात घडला आणि दोघेही आपापल्या वेळी सावरले. जून-जुलैमध्ये तपासून घेणारा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा तपासणारा पुरुषही असाच सुधारू शकतो. मधले ९० दिवस त्याने काही घेतले असेल, तर श्रेय त्या औषधाला जाते. म्हणून तुलनेचा गट ही उपचारपद्धतीवर घेतलेली शंका नाही. औषधाला त्याचे खरे श्रेय मिळवून देण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला इथे जागा देता येत नाही. सरकीचेच उदाहरण घ्या. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या भागांत पुरुषांत वंध्यत्व दिसले. त्यातले गॉसिपॉल वेगळे काढून १९७०च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांवर गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी झाली. शुक्राणू कमी झाले. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले आणि काहींची क्षमता परतच आली नाही. कापसाच्या विदर्भात, जिथे सरकी पेंड जनावरांच्या रोजच्या खुराकात असते, तिथल्या पशुवैद्यकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. गाई-म्हशींचे पोट गॉसिपॉलचा बराच भाग निष्प्रभ करते. तरी पैदाशीच्या नराला पेंड किती द्यायची, याचा विचार हवाच. पपईच्या बियांचा शुक्राणूंवरचा परिणाम जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात वानरांवर तपासला गेला आहे, तोही शुक्राणू वाढवण्यासाठी नव्हे, रोखण्यासाठी. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि डेन्मार्कने २०२३मध्ये तिच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेत २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे स्वतःच शुक्राणूंना मारक आहे. मूळ ओळखणे, ते कोठून आले हे जाणणे आणि त्याची शुद्धता तपासणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे.

आणि औषधाच्याही आधी सावली. गोठ्याला उंच छप्पर, वाहती हवा, दुपारी पाण्याचे फवारे हवेत. काळ्या कातडीच्या आणि कमी घर्मग्रंथींच्या रेड्याला डुंबायला पाणी हवे. भट्टीपुढच्या माणसाला पाळी बदलून विश्रांती, पिण्याचे पाणी आणि सैल सुती कपडे हवेत. ज्याला वृषणाच्या नीला फुगण्याचा विकार आहे, त्याला शल्यचिकित्सकाचा सल्ला हवा, कारण तिथे गारवा देणारी रचनाच बिघडलेली असते. तापता तवा तसाच ठेवून त्यावर चूर्ण शिंपडल्याने काही साधत नाही.

शेवटी ज्या कारणासाठी मला हा विषय जवळचा वाटतो, ते सांगतो. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकटे किंवा इतर कारणांसोबत असते. तरी आपल्या घरांत अजून पहिली तपासणी सुनेची होते, पहिले नवस तिच्याकडून बोलून घेतले जातात, पहिले टोमणेही तिलाच. नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणी वर्षानुवर्षे होत नाही. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की आपण वळूचीही चौकशी करतो. घरातल्या बाईच्या वाट्याला एवढाही न्याय येत नाही. उष्णतेचा हा अभ्यास पुरुषाला दोष देण्यासाठी नाही. ऊन सोसत कष्ट करणाऱ्या शरीरावर काय ओझे पडते ते समजून घेण्यासाठी, आणि त्या ओझ्याचा भार एकट्या बाईवर टाकू नये म्हणून आहे.

तेव्हा या ग्रंथात शिरताना वनस्पतींची नावे जरूर टिपा, पण प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखून ठेवा: ऊन केव्हा, औषध केव्हा, नमुना केव्हा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या नोंदवहीत शेजारच्या ठाणातल्या वळूसाठीही एक ओळ असू द्या. आणि मामांनी विचारला तसा प्रश्न कोणी दाराशी उभे राहून विचारला, तर हातातली काचपट्टी बाजूला ठेवून आधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहा. त्या सकाळी मी तेच केले. मामांसोबत पाने मागे उलटत मेच्या दुसऱ्या आठवड्यावर बोट ठेवले. मामा क्षणभर थांबले, मान डोलावली आणि पुढच्या उन्हाळ्याआधी गोठ्याचे छप्पर उंच करायचे, हे त्यांनीच पहिल्यांदा बोलून दाखवले.